गोम नसलेला घोडा आपल्या बजेटमध्ये नसतो

"घोडा घ्यायचाय पण खिसा लहान आहे" अशा अर्थाची पत्रं इतकी साठली होती की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. खोगीर, खरारा, ट्रेनिंग वगैरेचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका. आणि आधीच सांगून ठेवते, मी व्हेट (जनावरांची डॉक्टर) नाही, मी राइडिंग शिकवते, आणि आजवर स्वतःसाठी चार घोडे घेतलेत, त्यातला एक साफ फसून.

प्रश्न: ताई, माझं वय ३८. दोन वर्षं राइडिंग स्कूलच्या घोड्यांवर शिकतेय, ट्रॉट (दुडकी चाल) नीट जमतो, कँटरला (त्याहून वेगाच्या दौडीला) अजून छातीत धडधडतं. आता स्वतःचा घोडा घ्यावा असं फार वाटतंय पण बजेट खरंच कमी आहे. जे आवडतं ते परवडत नाही आणि जे परवडतं त्यात काहीतरी गोम असणार अशी भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

गोम असणारच. हा शब्दच मुळात घोड्याचा आहे बघा, घोड्याच्या अंगावर केसांचं जे वळण असतं त्याला गोम म्हणतात, जुने लोक त्यावरून घोडा चांगला की वाईट ते ठरवायचे. ती केसांची गोम विसरा, तिने काही होत नाही. पण बेताच्या पैशात मिळणाऱ्या घोड्यात दुसरी कुठलीतरी गोम आहे हे गृहीत धरूनच शोधायला लागा, नाहीतर वर्षभर नुसत्या जाहिराती बघत बसाल. तरुण, देखणा, निरोगी, शिकलेला, शांत आणि वर स्वस्त असा घोडा विकायला कोण काढेल हो, मी तर नाही काढणार.

तेव्हा "गोम नसलेला घोडा कुठे मिळेल" हे सोडून द्या आणि "मला कुठली गोम चालेल" इथून सुरू करा. लोक घोड्यात पैसे कशाचे मोजतात तर रंगाचे, उंचीचे, जातीच्या कागदांचे, कमी वयाचे, उडी मारण्याचे, स्पर्धेत मिळवलेल्या बक्षिसांचे. यातलं तुम्हाला काय लागतंय? आठवड्यातून तीन-चार वेळा बसायचंय, रिंगणात थोडा सराव, बाहेर एखादी फेरी, बास. मग रंग सोडा, कागद सोडा, उडी सोडा, बक्षिसं सोडा, उंचीसुद्धा तुमच्या वजनाला पुरेल एवढीच बघा, आणि वय तर मुद्दाम जास्त बघा. अंगावर जुना व्रण असेल, कान फाटलेला असेल, शेपटीचे केस झडलेले असतील तर उत्तमच, या सगळ्यावर किंमत उतरते आणि तुम्हाला पाठीवर बसल्यावर त्यातलं काहीही दिसत नाही.

दोन गोष्टी मात्र एका पैशाने कमी करू नका, स्वभाव आणि पाय. पायांचं पुढे एका उत्तरात येतंय. स्वभावाबद्दल सांगायचं तर तुम्हाला कंटाळवाणा घोडा हवाय. खरंच. ज्याच्याबद्दल मालकाला सांगण्यासारखं काही नाही असा. "फार हुशार आहे", "फार पाणीदार आहे", "एकाच माणसाचं ऐकतो" ही वाक्यं कानावर आली की चहा प्या आणि निघा.

माझी दुसरी घोडी मी अशीच घेतली. १४ वर्षांची, मळकट तपकिरी, डावा कान टोकाला चिरलेला, फोटोत तर ती इतकी वाईट दिसत होती की मी नुसतं उत्सुकतेपोटी बघायला गेले. आम्ही बोलत उभे असताना पागेच्या छपरावरचा एक सैल पत्रा वाऱ्याने उडून तिच्या मागे दहा फुटांवर आदळला. मी दचकले, मालक दचकला, तिने फक्त तो चिरका कान मागे वळवला, क्षणभर चघळायचं थांबली, मग परत खायला लागली. पाठीवर बसायच्या आधीच माझा निर्णय झाला होता. पुढची सात वर्षं तिच्यावर मी बसले, माझी भाची शिकली, शेजारच्या तीन-चार मुली शिकल्या.

आणि नर की मादी हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय म्हणून इथेच: खच्ची केलेला घोडा सगळ्यात सोपा, समजूतदार घोडीही चालेल, खच्ची न केलेला नर पहिला घोडा म्हणून अजिबात नको, कितीही गरीब दिसला आणि कितीही स्वस्त मिळाला तरी.

प्रश्न: मॅडम, वय ६१, तरुणपणी बरीच घोडेस्वारी केली, आता निवृत्त झाल्यावर पुन्हा सुरू केलीय. एक १६ वर्षांचा घोडा परवडणाऱ्या किमतीत मिळतोय. मित्र म्हणतात म्हातारं जनावर कशाला गळ्यात बांधून घेतोस. मला पटत नाही, पण शंका येतेच.

काका, तुम्हाला पटत नाहीये तेच बरोबर आहे. नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षं जगतो, आणि हलक्या कामासाठी विशी ओलांडल्यावरही चालतो. १६ म्हणजे म्हातारा नव्हे, सगळं जग बघून झालेला. पहिला किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा घेतलेला घोडा साधारण १० ते १६ मधला असावा असं माझं मत आहे, कारण या वयापर्यंत जे काही वाईट व्हायचं ते बहुतेक दिसून आलेलं असतं. चार वर्षांच्या घोड्याचे पाय चांगले आहेत म्हणजे काय, तर अजून वापरलेलेच नाहीत.

फक्त तो खरंच १६चा आहे का ते बघून घ्या. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण तुम्ही तर पैसे देताय, तेव्हा खुशाल मोजा. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात, मधली जोडी साधारण अडीच वर्षांना, त्याच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, म्हणजे पाचव्या वर्षी तोंड भरतं. तिथपर्यंत वय बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. पुढे सगळा अंदाज. वरच्या कडेच्या दाताला हिरडीपाशी एक तपकिरी खाच दहाव्या वर्षाच्या आसपास दिसायला लागते, पंधराला ती साधारण अर्ध्यापर्यंत उतरते आणि विसाव्या वर्षी पूर्ण दातभर. शिवाय वय वाढतं तसे पुढचे दात बाजूने बघितल्यावर जास्त तिरके, पुढे आलेले दिसतात. हे दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होतं, पण १६ सांगून २३चा विकतायत का एवढं कळायला पुरेसं आहे. मायक्रोचिप असेल तर स्कॅन करून त्यातला १५ आकडी नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवायला विसरू नका, घोडा एकाचा आणि कागद दुसऱ्याचा असं होतं.

मित्रांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, हा घोडा तुम्ही परत विकू शकणार नाही. २२व्या वर्षी तो तुमच्याच दारात उभा असेल आणि तेव्हाही रोज खाईल. ते मान्य असेल तर घ्या.

प्रश्न: घोडा बघायला जाताना नेमकं काय बघायचं? मी तीन घोडे बघून आले, तिन्ही वेळा घोडा आधीच आंघोळ घालून, खोगीर चढवून तयार, मी बसले, दहा मिनिटं फिरले, सगळे छानच वाटले. मग निवडायचं कसं? आणि घोड्याला काही देऊन शांत करतात हे खरं आहे का?

खरं आहे. माझा पहिला घोडा असाच घेतला मी. चार वर्षांचा, काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. मी गेले तेव्हा मान खाली सोडून उभा, खालचा ओठ लोंबलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मागचे पाय जरा फाकलेले, मी पाठीवर बसले तरी तसाच, आणि मला वाटलं काय गरीब जनावर आहे. म्हणजे गुंगीच्या औषधाची सगळी लक्षणं मी डोळ्यांनी बघितली होती बरं का, फक्त त्यांचा अर्थ लावला नाही. पैसे दिले, घरी आणला, दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आत वेगळाच घोडा. डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, नाकपुड्या फुललेल्या, मी खोगीर हातात घेऊन आत पाऊल टाकलं तसा तो मागच्या भिंतीला चिकटला. तरी मी शहाणी, खोगीर चढवलंच. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला आणि पुढचे दोन पाय वर. माझं मनगट मोडलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, आमच्याकडे कधी असं केलं नाही हो, तुमचंच काहीतरी चुकलं असेल.

तेव्हा तयार घोडा बघायचाच नाही. फोनवर आधीच सांगायचं की घोडा मोकळा ठेवा, पकडण्यापासून सगळं मला बघायचंय. आणि तरीही ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोचायचं, रस्ता मोकळा मिळाला म्हणायचं. पोचल्यावर सगळ्यात आधी हात लावा तो खोगिराच्या जागी आणि तंगाच्या जागी, केस ओलसर किंवा घामाने चिकटलेले असतील तर त्याला तुमच्या आधी तासभर पळवून दमवलेलं आहे. दमलेला घोडा सगळ्यांचाच गुणी असतो.

मग बघत राहा, बोलू नका. पकडायला गेलं की पळतो का. बांधल्यावर स्वस्थ उभा राहतो का दोर ओढतो. चारही खूर उचलून देतो का, मागचे उचलताना मालक स्वतः कुठे उभा राहतो तेही बघा, मालक जपून असेल तर तुम्हीही जपून असा. तंग आवळताना चावायला वळतो का, लगाम तोंडात घेतो का डोकं आभाळाकडे करतो. हे सगळं तुम्हाला रोज करायचंय, बसणं त्यानंतर येतं.

आधी मालकाला बसू द्या. मालक किंवा त्यांचा माणूस "नको, आज कंबर धरलीय" म्हणाला तर तुमचीही कंबर धरलीय, घरी या. ते बसून चाल, ट्रॉट, कँटर, थांबणं सगळं दाखवतील, मग तुमचे सर किंवा मॅडम बसतील (त्यांना सोबत न्याच, मानधन देऊन न्या), मग तुम्ही. रिंगणात ठीक वाटला की एकट्याने पागेपासून लांब न्या, दुसरा घोडा सोबत न घेता. कितीतरी घोडे कळपात देवमाणूस असतात आणि एकटं पाडलं की शंभर पावलांवर उलटे फिरतात, हे कळायला दुसरा मार्ग नाही. गाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेने न्या. येताना पाय मोकळे सोडून लगाम ढिला ठेवा, घरच्या वाटेवर धावत सुटतो की तसाच चालतो ते कळेल.

आता पाय. कडक, सपाट जमिनीवर मालकाला सांगा की घोडा ढिल्या दोराने हातात धरून तुमच्याकडून सरळ लांब पळवत न्या आणि परत आणा, ट्रॉटमध्ये. ट्रॉट यासाठी की त्यात पाय तिरक्या जोडीने, दोन ठोक्यांत पडतात, त्यामुळे वजन चुकवलेलं लगेच दिसतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा असेल तर मागून बघा, दुखऱ्या बाजूचं कुल्ल्याचं हाड जास्त वरखाली होतं. डोळ्याला कळलं नाही तर मोबाइलवर व्हिडिओ काढून स्लो मोशनमध्ये बघा, आणि कान पण द्या, ठोके एकसारखे पडले पाहिजेत, टप टप टप टप, एक ठोका हलका आला की समजा घोडं तिथे पेंड खातंय.

हे सगळं झालं, घोडा आवडला, तरी त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. आठ-दहा दिवसांनी परत जायचं, शक्यतो न सांगता. गुंगीचं औषध काही तासांत उतरतं, दुखणं दाबणारं औषध काही दिवसांत, दुसऱ्या भेटीत तोच घोडा दिसला तर बरं. "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" असं म्हणतील, म्हणू द्यात, घेऊ दे त्याला.

प्रश्न: घोड्याची किंमतच इतकी कमी आहे की व्हेटच्या तपासणीचा खर्च त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश होतोय. तपासणी सोडून दिली तर चालेल का? घोडा दिसायला एकदम ठणठणीत आहे.

स्वस्त घोड्यालाच तपासणी जास्त लागते. महागडा घोडा आजारी निघाला तर त्यातून सावरायला माणसाकडे पैसे तरी असतात, आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा. व्हेट विकणाऱ्याचा नेहमीचा नको, तुम्ही शोधलेला, घोड्यांचं काम करणारा हवा. विसार द्यायचाच असेल तर "तपासणी नीट निघाली तर" असं लिहून घेऊनच द्या.

व्हेट हृदय आणि श्वास आधी उभ्याने आणि मग पळवून ऐकतो, अंधारात डोळे बघतो, एकेक पाय वाकवून साधारण मिनिटभर धरतो आणि सोडल्या सोडल्या ट्रॉट करवतो, कडक आणि मऊ दोन्ही जमिनीवर गोलात फिरवतो. रक्त घेऊन ठेवायला सांगा, तपासायला लगेच पाठवलं नाही तरी चालेल, नंतर घोडा बदलल्यासारखा वागला तर त्यातून औषध दिलं होतं का ते शोधता येतं. नुसतं "रक्त घेणार आहोत" म्हटल्यावर सौदा मोडणारे विक्रेते मी बघितलेत, तेवढ्यातच पैसे वसूल.

संसर्गजन्य रक्तक्षयाची कॉगिन्स टेस्टही करून घ्या. त्या विषाणूवर ना लस आहे ना उपचार, लागण झालेला घोडा जन्मभर तो बाळगतो आणि रक्त पिणाऱ्या माश्या तो दुसऱ्या घोड्यांत पसरवतात. शेजारी बांधलेल्या घोड्याचा मालक तुम्हाला कधी माफ करणार नाही.

आणि हो, व्हेट "पास" की "नापास" सांगत नाही, तो विचारतो काय करणार या घोड्याचं. खरं सांगा. १४ वर्षांच्या घोड्याच्या मागच्या पायाच्या वाकणाऱ्या सांध्यात, म्हणजे हॉकमध्ये, थोडा संधिवात निघाला तर उड्या मारणाऱ्याला तो नको असेल, तुम्हाला चालेल, आणि त्यावर किंमतही पाडून मागता येईल. नळीवरची (गुडघ्याखालच्या लांब हाडावरची) जुनी टणक गाठ, जुने व्रण, हेही चालणाऱ्या गोमा. न चालणाऱ्या वेगळ्या: खुरावर आडव्या रेघा ज्या टाचेकडे रुंद होत जातात (खुराच्या आतली सूज, लॅमिनायटिस, एकदा झाली की परत होते), टाचेच्या आतल्या नॅव्हिक्युलर हाडाचं दुखणं, वारंवार सुजून लाल होणारा डोळा, वारंवार उठणारा पोटशूळ, आणि नुकताच भरून आलेला स्नायुबंध. यातलं काहीही निघालं तर फुकट दिला तरी नको, कारण किंमत तुम्ही नंतर हप्त्याहप्त्याने देणारच आहात.

व्हेट येण्याआधी तुम्हालाही एवढं तपासता येतं: शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस.

प्रश्न: ताई मी कॉलेजला आहे, एक वर्ष राइडिंग शिकलेय. तीन वर्षांची घोडी खूपच स्वस्त मिळतेय, अजून कोणी बसलेलं नाही तिच्यावर. मला वाटतं आम्ही दोघी सोबत शिकू, नातं पण छान जुळेल. आई घाबरतेय. तू तिला समजावशील का? आणि रेसमधून निवृत्त झालेले घोडे स्वस्त मिळतात म्हणे, ते कसे?

नाही समजावणार, आईचं बरोबर आहे. दोघींपैकी एकीला तरी काय करायचं ते माहीत हवं ना. तीन वर्षांच्या घोडीची हाडंसुद्धा अजून पुरती पक्की झालेली नसतात, पाठीचा कणा तर पाच-साडेपाच वर्षांपर्यंत जुळत असतो. तिला शिकवायला ट्रेनर ठेवलास तर सहा महिन्यांत तेवढ्याच पैशात शिकलेला घोडा आला असता. नाही ठेवलास तर तू पडशील, घाबरशील, तिला कळेल की माणूस पाडता येतो, आणि मग ती जिथे जाईल तिथे तेच करेल, तिचं आयुष्य पण वाया.

रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यांबद्दल पण तू विचारलंयस, ते स्वस्त मिळतात कारण एकदम खूप जण बाजारात येतात. काही फार गुणी निघतात. पण ते दोन वर्षांचे असल्यापासून पळायलाच शिकलेत, तू लगाम घट्ट धरलास की ते त्याचा अर्थ "अजून जोरात" असा लावतात. रेसनंतर दुसऱ्या कोणीतरी वर्ष-दोन वर्षं साध्या कामाला लावलेला असेल तर बघ, थेट ट्रॅकवरून आलेला नको. तुला तर नकोच.

प्रश्न: माझं वजन ९२ किलो आहे. घोड्याला त्रास न होता किती मोठा घोडा लागेल? मोठे घोडे महाग आहेत.

सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हा आलाय या वेळी. सर्वसाधारण नियम असा की माणूस अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आठ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन ठेवून पाहिलं, त्यात २५ आणि ३० टक्क्यांना स्नायू दुखणं, आखडणं जास्त दिसलं. तुमचे ९२ आणि खोगिराचे धरा १०, म्हणजे साधारण ५१० किलोचा घोडा हवा. काटा नसेल तर टेप घ्या: पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १८० आणि लांबी १६० आली तर ४३६ किलो, तुम्हाला कमी.

पण उंचीच्या मागे लागू नका, महाग उंचीच असते. बुटका पण रुंद, जाड नळीचा, आखूड पाठीचा घोडा उंच सडपातळ घोड्यापेक्षा वजन चांगलं पेलतो आणि कमी किमतीत मिळतो, कारण तो फोटोत खेचरासारखा दिसतो.

प्रश्न: घोडा सगळ्या बाबतीत चांगला आहे पण दारावर दात टेकवून हवा गिळतो. मालकाने स्वतःहून सांगितलं. घ्यावा का?

मालकाने स्वतःहून सांगितलं, ही जाहिरातीत न लिहिलेली सगळ्यात मोठी जमेची बाजू. त्याने बाकी काय सांगितलं तेही खरं असण्याची शक्यता वाढते. ही सवय सुटत नाही, दात झिजतात, लाकूड झिजतं, आणि एका विशिष्ट प्रकारच्या पोटशुळाचा धोका अशा घोड्यांना जास्त असतो. दिवसभर मोकळा ठेवू शकत असाल आणि सतत चघळायला गवत देऊ शकत असाल तर कमी होते. पाठीवर बसल्यावर काही फरक पडत नाही. किंमत चांगली उतरवून घ्या. मी घेतला असता.

प्रश्न: घोड्याची किंमत जमवलीय, पण यजमान म्हणतात पुढचा खर्च काढ आधी. मला आकडे लावता येत नाहीत.

यजमानांना माझा नमस्कार सांगा. आकडे तुमच्या गावचे तुम्हीच लावा, मी मापं देते. घोड्याला रोज शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो, पाऊस असो की तुमची सुट्टी. पाणी २५ ते ५० लिटर. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, नाल नको असली तरी खूर कापायला लागतोच. वर्षातून एकदा दात घासून घेणं, जंतांची औषधं, लसी, त्यात धनुर्वाताची कधीही चुकवायची नाही कारण घोड्याला तो फार पटकन होतो. शिवाय जागेचं भाडं. हे सगळं वर्षाचं काढा, बहुतेक वेळा घोड्याच्या किमतीच्या वर जातं, आणि त्याच्या बाजूला अचानकच्या आजारपणासाठी वेगळी रक्कम ठेवा. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटाचं काहीही झालं की रात्री दोन वाजता व्हेट.

बेरीज बघून घाम फुटला तर एक मधला मार्ग आहे, दुसऱ्याचा घोडा अर्ध्या खर्चावर वापरायला घ्या, आठवड्याचे तीन दिवस तुमचे. एक वर्ष केलंत की कळेल पावसात चिखल काढणं आपल्याला आवडतंय का. काही वेळा वर्षाअखेर मालक तोच घोडा विकायला काढतो आणि मग त्याची प्रत्येक गोम तुम्हाला आधीच पाठ असते, यापेक्षा चांगली खरेदी मी बघितलेली नाही.

प्रश्न: अखेर घोडी घेतली! परवा येतेय. पहिल्या दिवशी काय करू? लगेच बसले तर चालेल का?

अभिनंदन, गंगेत घोडं न्हालं. पहिल्या दिवशी बसू नका. जुन्या मालकाकडून ती खात होती तोच चारा आठवडाभराचा मागून आणा आणि हळूहळू तुमचा मिसळत जा, एकदम बदललात तर पोट बिघडेल. लगाम तोच मिळाला तर विकत घ्या. बाकीच्या घोड्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, पण दिसतील अशी, एकटं कोंडलं तर ती रात्रभर फेऱ्या मारेल. ती ओरडेल, खाणार नाही, तुम्हाला वाटेल चुकीची घोडी घेतली. सगळ्यांना वाटतं. खुर्ची टाकून दाराबाहेर बसा, पुस्तक वगैरे घेऊन, तिच्याकडे बघू नका. झोपायच्या आधी लीद टाकलीय का बघा आणि पाण्याची बादली किती उतरलीय ते खडूने भिंतीवर लिहून ठेवा, सकाळी परत बघा.